गुरुवारची घरपाहणी

"चिठ्ठ्या भिशीला टाकतेत बाई. शाळेला कुठं चिठ्ठ्या असतेत का?"

कौशल्याबाई मागून पद्माच्या कानाशी कुरकुरत होती. शाळेच्या व्हरांड्यात इतकी दाटी होती, की तिची कुरकुर ऐकू येण्याआधी मानेवर गरम लागत होती.

"आमच्या गावाकडं मास्तर घरी यायचा पोरं मागायला. पाठवा, पाठवा म्हणून हात जोडायचा. हितं बगा, हात बी आपणच जोडायचे आन् नशीब बी डब्यातून काढायचं. न्हाईच निघालं तर लेकराला काय म्हणायचं? कामून जन्मलास म्हणायचं?"

"हळू बोला हो. हेडमास्तर इकडंच बघतायत."

"बगू द्या. म्या काय त्यांच्या डब्यात हात घातला का?"

डबा म्हणजे गोडेतेलाचा रिकामा डबा होता. वरून कापलेला, आतून धुतलेला आणि सरकारी कामाला शोभावं म्हणून बाहेरून गुलाबी कागद चिकटवलेला. भोसरीत कारखाने वाढले, कारखान्यांमागोमाग खोल्या वाढल्या, खोल्यांमधून पोरं वाढली. शाळा मात्र एकच नवी झाली होती. नगरपालिकेची, दुमजली, पक्क्या भिंतींची, मुलींसाठी वेगळी मोरी असलेली. पहिलीला जागा थोड्या आणि अर्ज तिप्पट. म्हणून हा डबा.

पद्मानं वैजूचा हात घट्ट धरला होता. वैजू सात वर्षांची होती. मागच्या वर्षी तिचं नाव निघालं नव्हतं. दुसरी शाळा नाशिक रस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावर ट्रक असे धावत की मोठी माणसंसुद्धा पदर खोचून, देवाचं नाव घेऊन पळत. म्हणून वैजू वर्षभर घरी राहिली आणि आईशेजारी बसून रबराचे वॉशर कापायला शिकली. साच्यातून निघालेल्या वॉशरला जास्तीची कड राहते, ती कात्रीनं गोल कापायची. कारखान्यांच्या एस्टेटमधून पोतं आणायचं, कापून परत द्यायचं. पद्माला हे काम अंगवळणी पडायला दोन महिने लागले होते. वैजूला आठवडा पुरला. पोरीची कात्री सफाईनं फिरू लागली तसं शेजारपाजारच्या बायकांना कौतुक वाटलं. पद्मा मात्र हिशेब करत राहिली. यंदा नाव निघालं नाही, तर पुढच्या वर्षी आठ वर्षांची घोडी पहिलीत कोण घेणार? मग ती कात्री तिच्या हातातून सुटायची नाही.

शिपायानं डबा हलवला. एका छोट्या मुलीनं डोळे मिटून हात घातला. नावं निघत गेली. कौशल्याबाईच्या बाळूचं निघालं तेव्हा तिनं इतक्या जोरात "अगं बया!" केलं, की हेडमास्तरांना पुढचं नाव दोनदा वाचावं लागलं.

ते पुढचं नाव वैजयंता मुकुंद असं होतं.

वैजू उड्या मारायला लागली. आणि खरं सांगायचं तर पद्माला त्या क्षणी आनंद झाला नाही. कारण हेडमास्तरांनी सुरुवातीलाच बजावून सांगितलं होतं, ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे त्यांनी ते दाखवून नाव पक्कं करावं. ज्यांच्याकडे नुसती घरमालकाची चिठ्ठी आहे, त्यांची घरपाहणी होईल. गुरुवारी होईल, कारण गुरुवारी एस्टेटची वीज बंद असते, कारखान्यांना सुट्टी असते आणि मुलांचे वडील घरी सापडतात. वडिलांनी गुरुजींसमोर सही करायची. पत्ता खोटा निघाला तर नाव जाईल.

मुलांचे वडील घरी सापडतात, हे हेडमास्तर किती सहज म्हणाले होते.

मुकुंद एस्टेटमधल्या एका वर्कशॉपात लेथवर टर्नर होता. दिवाळीच्या तोंडावर त्याला चाकणच्या बाजूला नवीन काम लागलं. "खोली बघतो आणि तुम्हाला नेतो," म्हणाला. जाताना रेशनकार्ड घेऊन गेला. तिकडे साखर-रॉकेल बरं मिळतं म्हणे. सुरुवातीला दर गुरुवारी यायचा. मग एक गुरुवार सोडून. संक्रांतीनंतर आलाच नाही.

शेवटी पद्मानं ज्योतीरामला विचारलं. ज्योतीरामचा टेंपो लोखंडी कास्टिंग घेऊन चाकणला जायचा. त्यानं टायरला लाथ मारून हवा बघितली, मग दुसऱ्या टायरला मारली, आणि तिकडेच बघत म्हणाला, "बरे आहेत वैनी ते. तब्येत सुधारलीय. वरणभात वेळच्या वेळी मिळतोय त्यांना."

मुकुंदला चहासुद्धा करता येत नव्हता. वरणभात कोण करतंय, हे पद्मानं विचारलं नाही. ज्योतीरामनंही सांगितलं नाही. ती "चहा घेऊन जा" म्हणाली आणि तो थांबला नाही, त्यात दोघांचं बोलणं पुरं झालं.

तेव्हापासून सगळ्या रांगेचं हेच चाललं होतं. घरमालक सोपानरावांनी हरभऱ्याच्या रानात बांधलेल्या त्या खोल्यांच्या रांगेत एकाला शिंक आली तर दुसऱ्याला कळायची. तिथं माणूस नाहीसा झालेला कुणाला कळला नसेल असं नाही. पण नळावर कुणी विचारलंच, "मुकुंदराव दिसले न्हाईत?" तर पद्मा म्हणायची, "ओव्हरटाइम." आणि विचारणारी बाई घाईघाईनं मान हलवायची. "व्हय व्हय, ओव्हरटाइम." जणू आपणच भलतं विचारून बसलो.

आणि सासू, अंबुबाई. ती दर गुरुवारी मुकुंदचा जुना निळा डगला पाण्यातून काढायची आणि पुढच्या दोरीवर वाळत घालायची. कुणी न घातलेला, स्वच्छच डगला, पण धुवायची. पद्माला वाटे, म्हातारीला कळत नाहीये. लेक येतोच आहे, असं धरून बसलीय बिचारी. सांगायचं कुणी? सांगितलं आणि तिनं हाय खाल्ली तर? म्हणून पद्माही म्हणे, "या गुरुवारी नाही जमलं वाटतं त्यांना, आत्याबाई." अंबुबाई म्हणे, "व्हय. काम लई असंल." आणि दोघी आपापल्या भाकरीकडे बघत जेवत.

नाव निघाल्याचं कळल्यावर अंबुबाईनं वैजूच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग पद्मानं गुरुवारचं सांगितलं. म्हातारीची बोटं हवेतच थांबली.

"बापानं सही करायची?"

"हो. गुरुजींसमोर."

अंबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "सांगावा धाड त्याला. पोरीच्या शाळंचं हाय म्हनावं."

पद्मानं धाडला. ज्योतीराम दुसऱ्या दिवशी येताना रांगेसमोर थांबलासुद्धा नाही, टेंपो हळू करून खिडकीतून ओरडला, "सांगितलं वैनी! बघतो म्हणाले!" आणि गेला.

बघतो. पद्माला त्या एका शब्दानं दोन प्रकारची भीती दिली. तो आला नाही तर, ही एक. आणि आला तर, ही दुसरी. सही करायला आलेला माणूस आणखी काय काय सांगून जाईल, कुणाला माहीत.

भीतीचं एक असतं, ती हात रिकामे ठेवत नाही. पद्मानं त्या दिवसांत खोली आतून दोनदा सारवली, भांडी राखेनं घासली, वैजूची पाटी निरशा दुधात कोळसा घालून काळी केली. रात्री पडली की गुरुजी दारात उभे आहेत, "हे घर तुमचं नाही" असं म्हणतायत आणि आपल्याला आपल्याच घरातली कुठली वस्तू दाखवावी ते आठवत नाहीये, असं काहीतरी दिसायचं.

बुधवारी सकाळी सोपानराव आले. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि कंपन्यांना जमिनी देऊन झाल्यावरही हातात शेतावर जायची काठी. ते कधी दारात उभे राहून बोलायचे नाहीत, दारासमोरून जाता जाता बोलायचे. आज उभे राहिले.

"उद्या मास्तर येनार म्हनं."

"हो तात्या."

"मुकुंदराव हायेत न्हवं घरी?"

"असतील की."

"न्हाई, मी आपलं इचारलं. चिठ्ठी मी त्यांच्या नावानं लिवून दिलीय. उद्या मास्तरनं मला इचारलं तर मी काय सांगू? आनी तुला ठावं हाय, मी खोली फॅमिलीवाल्यालाच देतो. एकल्या बाईला खोली दिली म्हंजी गाव माझ्या तोंडात शेन घालंल." त्यांनी काठीनं दोरीकडे दाखवलं. "त्यो डगला काढून घ्या बरं का. लई दीस त्योच वाळतोय."

आणि ते गेले. अंबुबाई आत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पण सुपातला हात थांबला होता, तो पुन्हा फिरायला लागायला वेळ लागला.

दुपारी कौशल्याबाई आली, ती कानाशी नाही, अगदी नाकाशी नाक लावून बोलायला. कौशल्याबाईची खोली रांगेत अगदी शेवटची होती, पद्माची अगदी पहिली. पण तिला अंतराचं काही नसे.

"माझं ऐका पद्माबाई. आमचे हे हायेत न्हवं?"

"दत्तोबा?"

"हाव. उद्या तुमच्यात येऊन झोपतील."

पद्मा बघतच राहिली.

"अहो तसं न्हाई!" कौशल्याबाईनं तिच्या मांडीवर चापट मारली. "गोधडीत! तिसरी पाळी करून आलेत, अंगात ताप हाय, म्हणायचं. तोंड आत, हात बाहीर. गुरुजीनं कागद पुढं केला की हात बाहीर काढून सही करायची, आन् हात आत. घरपाहणी आमची बी हाय, पण गुरुजी गावाकडनं येणार, तुमची खोली पहिली. तुमचं आटपलं की तुमी त्यांना हात धुवायला नळाकडं न्यायचं, तिथंच च्या द्यायचा, पोरीनं कविता म्हणून दाखवायच्या. तवर आमचे हे रांगेच्या मागनं पळत येऊन आमच्या दारात दत्तोबा होऊन बसतेत. काय अवघड हाय?"

"आणि सही?"

"रात्री शिकवते. 'मुकुंद' तर लिवायचंय. 'दत्तोबा' लिवतेत, त्याच्यापरीस सोपंच हाय."

पद्माला हसू आलं आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. कौशल्याबाईनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "माणूस ओव्हरटाइमला असला म्हंजी असं करावं लागतं बाई," ती म्हणाली. म्हणजे इतकं सगळं नाटक ठरवतानाही खरं ते बोलायचं नाही, ते नाहीच.

गुरुवार उजाडला. एस्टेट बंद असल्यानं सगळीकडे शांत होतं. रोज लेथ आणि प्रेसचा आवाज कानात असायचा, तो नसला की माणसाला आपल्या छातीतलं ऐकू येतं. चाकणकडून येणारी प्रत्येक एस.टी. रस्त्यावर हळू झाली की पद्मा दारात यायची. माणसं उतरायची. मुकुंद उतरायचा नाही.

तिनं भिंतीकडेला गोधडी अंथरून ठेवली. वैजूला तेल लावून दोन वेण्या घातल्या, पाटी मांडीवर देऊन बसवलं.

"गुरुजींनी विचारलं तर काय सांगायचं?"

"बाबा झोपलेत."

"आणि?"

"रात्रपाळी होती."

पोरीनं आईच्या तोंडाकडे बघितलं. आणखी काही विचारलं नाही. तेही ती शिकली होती.

गुरुजी गावाकडून आलेच नाहीत. म्हणजे निघाले होते गावाकडूनच, पण वाटेत त्यांच्या सायकलचं चाक बसलं, आणि पंक्चरवाला रांगेच्या पलीकडच्या टोकाला, आळंदी रस्त्यावर होता. सायकल त्याच्याकडे टाकून ते तिथूनच आत आले. म्हणजे शेवटच्या खोलीकडून. कौशल्याबाई तेव्हा नळावर, दत्तोबा दारात पाटावर बसून दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस. पद्माला आपल्या दारातून ऐकू आलं.

"दत्तोबा म्हणजे आपणच का?"

"हाव जी. म्याच की."

दत्तोबा साधा माणूस. कुणी नाव विचारलं तर खरं सांगायचा.

पद्मा आत वळली. खोलीला दार एकच होतं. गोधडी सपाट पडली होती. बाहेर सोपानरावांचा आवाज आला, "या गुरुजी, हिकडं. मधल्या खोल्यांत शाळंची पोरं न्हाईत. हिकडं पयली खोली, मुकुंदरावांची."

तिला पुढे आठवलं, तेव्हा ते आपण केलं असं वाटतच नव्हतं. कोपऱ्यात वॉशरचं भरलेलं पोतं होतं. ते तिनं दोन्ही हातांनी ओढलं, गोधडीवर आडवं पाडलं आणि वरून चादर टाकली. पोतं आखूड पडलं. उशी खाली सरकवून पाय केले. सगळं होईस्तोवर मागून अंबुबाई हलक्या आवाजात म्हणाली,

"तोंडावरनं घे. त्यो तोंडावरनं घेतो."

पद्मानं चादर वर ओढली. सासूकडे बघायची तिची छाती झाली नाही.

गोळे गुरुजी दारात आले. किडकिडीत, घामेजलेले, हाताला सायकलच्या साखळीचं काळं लागलेलं. मागे सोपानराव काठी टेकून उभे. त्यांच्या मागे फेस पुसत दत्तोबा आणि ओल्या हातांची कौशल्याबाई. आणि त्यांच्या मागे, गुरुवार असल्यामुळे, रांगेतले सगळेच.

"वैजयंता हीच का?" गुरुजी हसले. वैजूनं मान हलवली. "किती जण राहता, बाई?"

"चौघं."

"रेशनकार्ड नाही तुमच्याकडं."

"यांच्याकडं आहे. कामावर."

"कामावर?" गुरुजींनी चादरीकडे पाहिलं. "हे तर इथं झोपलेत."

सोपानराव खाकरले. पद्मा चादरीपुढे सरकली.

"म्हणजे... तिसरी पाळी करून आलेत. ताप पण आहे."

"असू दे, असू दे. सहीपुरतं उठवा फक्त. लगेच झोपू दे पुन्हा."

कौशल्याबाई मागून म्हणाली, "लई ताप हाय गुरुजी, उठवू नगा, अंगठा घ्या न्हाईतर..." आणि अंगठा कुठून आणायचा हे ध्यानात येऊन गप्प झाली.

गुरुजींनी पुन्हा चादरीकडे पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ. खोलीत रबराचा वास भरून राहिला होता. चादर वरखाली होत नव्हती. ते खाली बसले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि आवाज उतरवून बोलले.

"बाई, माझं ऐका. मागल्या साली पाहुण्यांच्या पत्त्यावर बाहेरची पोरं घुसली. इथली पोरं घरी बसली. तुमचीसुद्धा बसली असेल. म्हणून हे उंबरे झिजवणं आलंय माझ्या नशिबी, आवडीनं नाही फिरत मी. मूल इथं राहतं, एवढंच मला लिहायचंय. घरात आणखी कोण आहे, कोण नाही, मला काय करायचंय त्याच्याशी? पण तुम्ही माणूस आहे म्हणता आणि दाखवत नाही. मग मी काय समजू? पत्ता उसना आहे, खोली दुसऱ्याची आहे, आजच्यापुरती सामान मांडून बसलात. हेच लिहावं लागेल ना मला?"

खरं बोललं तर पोरीला शाळा मिळेल, हे पद्माला कळत होतं. पण दारात सोपानराव उभे होते, हातात काठी घेऊन. खरं बोललं तर शाळेचा पत्ता पक्का होईल आणि त्याच दमात पत्ताच जाईल. आणि मागे भिंतीला टेकून म्हातारी बसली होती, लेकाचा डगला धुणारी. तिच्यासमोर कसं बोलायचं?

गुरुजींनी उसासा टाकला. पेनाचं टोपण काढलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, शेवटचा प्रयत्न करावा तसे ते वैजूकडे वळले.

"बाळ, तुझे बाबा कुठं असतात?"

वैजूनं पाटीवरून मान वर केली. आईकडे पाहिलं नाही, आजीकडे पाहिलं नाही. सरळ गुरुजींच्या डोळ्यांत बघून, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"ते काय, झोपलेत. रात्रपाळी होती ना. सकाळी आले तेव्हा मला पेढा आणला. शाळेत नंबर लागला म्हणून."

पेढ्याचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. सोपानराव जमिनीकडे बघायला लागले. पद्माला वाटलं, आपण पोरीला शाळेत घालायला निघालो आणि आधी हे शिकवून बसलो. किती छान शिकलीय, एकदाही अडखळली नाही.

तेवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. अंबुबाई हात टेकून उठत होती. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागायचा, आणि कुणी हात दिला तर आवडायचं नाही. उठून ती पुढे आली. वैजूच्या डोक्यावर तिनं हात ठेवला आणि पोरीला आपल्या लुगड्याकडे ओढून घेतलं, असं की तिचं तोंड झाकलं जावं.

"पोरीला नका इचारू, गुरुजी," ती म्हणाली. "मला इचारा."

"आजी, मी फक्त..."

"ऐकता ना? मग लिवा." ती दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होती. सोपानरावांकडे तर तिनं मान वळवून पाहिलं. "माझा ल्योक हितं ऱ्हात न्हाई. संक्रातीपास्नं त्यानं उंबरा वलांडला न्हाई. चाकनला दुसरीसंगं घर केलंय त्यानं, आनी ह्ये हितं हुबं हायेत त्या समद्यांना ठावं हाय, मला बी ठावं हाय. हितं आमी तिघीच ऱ्हातो."